लेकीच्या डोक्याचे दोन कर्ण

गाठ पहिल्यांदा माझ्या आईच्या हाताला लागली. बायको बाळंतपणाला माहेरी, पेडण्याकडे गेली होती. बारसं तिकडेच झालं आणि मग मी मायलेकींना डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. मी तवाल घेऊन बाजूला उभा होतो. मान चोळता चोळता आईचा हात थांबला.

"हांगा बोट लाव बघू," ती म्हणाली.

मी लावलं. मानेच्या उजव्या बाजूला, कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूत सुपारीएवढं काहीतरी घट्ट लागत होतं. मी जरा दाबलं. पोर रडली नाही, वळवळली नाही, नुसती डावीकडे बघत राहिली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझे बाबा गळ्यातल्या गाठीनं गेले. ती गाठही सुरुवातीला दुखत नव्हती. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि बाबांचं नाव काढायचं नाही हे आम्ही न बोलताच ठरवून टाकलं. आतून बायकोनं विचारलं, "झाली का आंघोळ?"

"जाली गो," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच ठेवून तिनं तवाल माझ्या हातून घेतला.

बायकोला मी थोड्या वेळानं सांगितलं. तिनं बाळाची मान चाचपून पाहिली, झबल्याचे बंद बांधले आणि म्हणाली, "आजच जाऊ या."

म्हापशाच्या बालरोगतज्ज्ञांनी मान डावी-उजवीकडे फिरवून पाहिली, उजवीकडे ती अर्ध्यातच अडली. त्यांनी सोनोग्राफी करून आणायला सांगितलं. सोनोग्राफी दुपारी झाली, रिपोर्ट हातात आला, पण डॉक्टर पुन्हा भेटणार होते ते संध्याकाळी. मधला वेळ काढायला आम्ही बसस्टँडवर जाऊन बसलो. बायकोनं लिफाफा उघडला. तिला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. ती वाचत गेली आणि एका ठिकाणी तिचं बोट अडलं. मीही वाकून पाहिलं. मोठ्या लांब शब्दाच्या पुढे 'ट्यूमर' हा शब्द होता. तेवढा मलाही वाचता आला.

पुढचे तास कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बसेस लागत होत्या, कंडक्टर वाळपई, पेडणे, हरमल असं ओरडत होते, आणि आम्ही बाकावर त्या शब्दाला घेऊन बसलो होतो. बायकोनं पदराखाली घेऊन बाळाला पाजलं. पाजतानाही बाळ एकाच बाजूनं नीट पीत असे, दुसऱ्या बाजूला तोंड वळवताना त्रास होई. ते बायको माहेरापासून बघत होती, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. माहेरी काढलेल्या सगळ्या फोटोंत तिचं डोकं उजव्या खांद्याकडे झुकलेलं आणि हनुवटी डावीकडे. सगळे कौतुकानं म्हणायचे, कशी लाडात मान वेळावते बघा. मी ते फोटो फोनवर एकेक करून बघितले आणि फोन खिशात ठेवून दिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली आणि आमच्या तोंडाकडे पाहून त्यांच्या लक्षात आलं.

"वाचलात वाटतं," ते म्हणाले. "नावात ट्यूमर आहे, पण हा तसला ट्यूमर नाही. जुन्या काळी दिलेलं नाव आहे, तेच चिकटून राहिलंय. हा कॅन्सर नव्हे."

बायको तिथंच रडली. मला रडू आलं नाही. मला वाटतं, मी पुढचं ऐकायची वाट बघत होतो.

पुढचं त्यांनी सांगितलं ते असं. मानेचा हा स्नायू जन्माच्या आधी किंवा जन्मताना आवळला गेलाय आणि त्यातला काही भाग दोरीसारखा टणक झालाय. गाठ काही महिन्यांत आपोआप विरेल. पण स्नायू आखूड राहिला तर मान वाकडी राहील. आणि बाळाचं डोकं मऊ असतं, ज्या बाजूवर सतत पडून राहील तिथं चपटं होतं. मान सुटली नाही तर नुसती मान नाही, डोकं आणि चेहराही तिरपा वाढेल.

त्यांनी बाळाला वरून बघायला सांगितलं. आम्ही उभे राहून तिच्या टाळूकडे पाहिलं. मागची डावी बाजू बसलेली होती आणि डावा कान उजव्यापेक्षा किंचित पुढे सरकला होता. रोज तेल लावलं जात होतं त्या डोक्याला आणि कुणाला दिसलं नव्हतं. आता ते दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

म्हापशातच एक फिजिओथेरपिस्ट होत्या, लहान मुलांचं काम करणाऱ्या. माझ्या बायकोच्याच वयाच्या, हळू बोलणाऱ्या बाई. पहिल्या भेटीत त्यांनी कपाटातून एक साधन काढलं. शाळेतल्या कर्कटकासारखं दिसणारं, पण दोन्ही पाय आत वळलेले आणि टोकांना वाटाण्याएवढे गुळगुळीत गोळे. त्यांनी बायकोला बाळ मांडीवर घेऊन बसायला सांगितलं, भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या वर पेननं एक बारीक ठिपका काढला, डोक्याच्या मागे विरुद्ध बाजूला दुसरा, आणि ते साधन डोक्यावर तिरपं धरलं. मग दुसऱ्या बाजूनं तसंच.

"चौकोनाचे दोन कर्ण असतात ना, तसे हे डोक्याचे," त्या म्हणाल्या. "सारखे असले की डोकं सरळ. हिचं डोकं वरून समांतरभुज चौकोनासारखं सरकलंय. म्हणून एक कर्ण लांब, एक आखूड."

"किती?" मी विचारलं.

"फरक तेरा मिलिमीटर."

खाणीवर मी पोकलेन चालवायचो. तिथं तेरा मिलिमीटरला कोण विचारतं. पण त्या दिवशी मी बोटांच्या चिमटीत तेरा मिलिमीटर धरून पाहिलं आणि ते एवढ्याशा डोक्यात कुठे मावतं ते मला समजेना.

मग त्यांनी समोरून फोटो काढला. बाळाला स्थिर ठेवायला बायको मागून हात धरून होती आणि मी कॅमेऱ्याच्या वर खुळखुळा वाजवत होतो. फोटो संगणकावर घेऊन त्यांनी डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांतून एक रेषा ओढली आणि ओठांच्या कोपऱ्यांतून दुसरी.

"या दोन रेषा समांतर असायला पाहिजेत. हिच्या उजवीकडे जवळ जवळ येतात. कारण चेहऱ्याची उजवी बाजू थोडी आखूड राहिलीये."

"पुढे वाढवल्या तर त्या एकमेकींना भेटतील?"

"भेटतील. हिच्या खांद्याच्या बऱ्याच पलीकडे. सुधारणा झाली की तो बिंदू आणखी लांब जाईल. आपल्याला त्याला लांब पळवायचंय."

त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं. माझ्या मनात मात्र तो बिंदू जवळ येत असल्याचंच चित्र बसलं. कुठे तरी हवेत, माझ्या लेकीच्या उजव्या बाजूला, काहीतरी तिच्याकडे सरकत आहे.

व्यायाम दिवसातून अनेकदा करायचे होते. बायको डिचोलीच्या बाजारात एका पतसंस्थेत कामाला. तिची रजा संपली. आमच्याकडच्या खाणी तेव्हा बंद होत्या आणि मी घरीच होतो. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. पोरीला उताणं निजवायचं, एका हातानं उजवा खांदा खाली धरायचा आणि दुसऱ्यानं डोकं डाव्या खांद्याकडे कलवायचं, ताण लागेपर्यंत. मग हनुवटी उजवीकडे फिरवायची. ती किंचाळायची. बाईंनी सांगितलं होतं, रडली तरी हळू हळू धरून ठेवा, सोडून पुन्हा धरा. माझे हात मोठे. माझा एक तळवा तिच्या अख्ख्या डोक्याला पुरायचा. लोखंडी दांडे ओढायची सवय झालेल्या हातांना कळत नव्हतं की ताण कुठे संपतो आणि इजा कुठे सुरू होते. प्रत्येक वेळी माझ्या कपाळावर घाम यायचा.

आई त्या वेळी बघवत नाही म्हणून परसात निघून जायची. "माका पळोवंक जायना," म्हणायची. "मोडशील तू एक दिवस तिची मान."

तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण मी व्यायाम करताना ते वाक्य माझ्या कानात असायचं.

बाकीच्या गोष्टी सोप्या होत्या. ती डावीकडेच बघते म्हणून आम्ही पाळणा फिरवला, जनेल, म्हणजे खिडकी, तिच्या उजव्या हाताला येईल असा. सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला की ती आवाजाकडे डोळे वळवायची आणि मान डोळ्यांच्या मागून थोडीशी यायची. त्या थोड्याशासाठी मी पोदेराला रोज जनेलापाशी उभा करून ठेवत असे. जागी असली की तिला पोटावर पालथी घालायची. हेही ती रडून करायची, पण करायची.

दर महिन्याला मोजमाप असे. दुसऱ्या भेटीत फरक तेवढाच होता. तिसऱ्या भेटीत बाईंनी साधन धरलं, आकडा वाचला आणि वहीत लिहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चौदा." त्यांनी पुन्हा मोजलं, बारा आलं. पुन्हा, तेरा.

"मूल हलतं, केस वाढतात, माझं बोट एका रेषेनं सरकतं," त्या म्हणाल्या. "एका आकड्यावर जीव टांगू नका. मला काळजी आकड्याची नाही, मानेची आहे. दोर अजून सैल होत नाहीये."

"नाही झाला तर?"

"वर्षाच्या आसपास बघू. काही मुलांना छोटं ऑपरेशन लागतं. स्नायू कापून मोकळा करतात."

त्या 'छोटं' म्हणाल्या. मला फक्त 'कापून' ऐकू आलं.

त्यानंतर मी घरी मोजायला लागलो. माझ्या हत्यारांच्या पेटीत एक लोखंडी कॅलिपर होता, पाइपचा व्यास बघायचा. त्याची टोकं मी कापड गुंडाळून मऊ केली. दुपारी पोर झोपली आणि आई मागीलदारी गेली की मी तो हळूच तिच्या डोक्याला लावायचो. एकदा नऊ आलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी सतरा. मग अकरा, मग सोळा. ठिपके कुठे काढायचे ते मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे आकडे वाटेल तसे यायचे, आणि मोठा आकडा आला की मला तोच खरा वाटायचा. पुन्हा मोजावंसं वाटायचं आणि पुन्हा मोजायची भीती वाटायची.

एका शनिवारी बायको लवकर घरी आली. मी पाळण्यावर वाकलेला, हातात ते लोखंड.

"काय करताय?" तिनं हळूच विचारलं.

मी सांगितलं. तिनं कॅलिपर माझ्या हातून काढून घेतला आणि कापड लावलेल्या टोकांकडे बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल. ती खाली जमिनीवर बसली आणि तिनं फोन माझ्यापुढे धरला. त्यात आमच्या लेकीचे फोटो होते, एकेका चेहऱ्यावर बोटानं ओढलेल्या लाल रेषा, डोळ्यांतून एक, ओठांतून एक.

"कामावर जेवायच्या सुट्टीत करते," ती म्हणाली. "रोज वेगळंच येतं."

मग तिनंच कॅलिपर पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्याकडे ठेवली. फोटोंवर रेषा ओढणं तिनंही सोडलं असं ती म्हणाली. मी विचारलं नाही.

पुढे जे घडलं ते एका साध्या सकाळी. बायको कामावर गेली होती, आई परसात मिरच्या खुडत होती. मी पोरीला चटईवर निजवून डोकं डावीकडे कलवत होतो, नेहमीच्याच ताकदीनं. माझा अंगठा त्या टणक दोरावर होता. अचानक अंगठ्याखाली काहीतरी सुटलं. ताणलेला रबर तुटावा तसा लहानसा झटका, आणि जे डोकं इतके महिने माझ्या हाताशी झगडायचं ते एकदम माझ्या तळव्यात सैल पडलं.

ती एकदाच जोरात किंचाळली. मग गप्प झाली.

मला वाटलं, मोडली. माझ्या हातांनी माझ्या मुलीची मान मोडली. मी डोकं तसंच धरून बसलो, हलवायला घाबरत, सोडायला घाबरत. तिचे डोळे उघडे होते. श्वास चालू होता. मी दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मुठीत दिलं आणि तिनं ते धरलं. दुसऱ्या मुठीत दिलं, तेही धरलं. पाय हलवत होती. हे सगळं मी बघत होतो, तरी माझा विश्वास बसत नव्हता.

"आई," मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा ती आली.

"किते जालें?"

"तुटलं काहीतरी."

आईनं शेजाऱ्याला हाक मारली, त्याची गाडी काढायला लावली, तवालाची गुंडाळी करून पोरीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना लावली आणि माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसली. मी वाटेत बाईंना फोन केला. काय झालं ते सांगितलं.

"श्वास? हातपाय?"

"सगळं चाललंय."

"मान धरून ठेवा, पण घट्ट नको. आधी हॉस्पिटलमध्ये न्या, मी तिकडेच येते. असं कधी कधी होतं. आवळलेल्या स्नायूचा एक पदर सुटतो. पण बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही."

म्हापशापर्यंतचा रस्ता मला माहीत होता, तरी तो संपेना. प्रत्येक गतिरोधकाला मी दोन्ही हातांनी तिचं डोकं उचलून धरायचो. आई देवाचं नाव घेत होती आणि मधून मधून माझ्या गुडघ्यावर हात ठेवत होती.

डॉक्टरांनी तपासलं, हाडाचा फोटो काढला, सोनोग्राफी केली. बायको कामावरून तशीच धावत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. हाडाला काही झालं नव्हतं. स्नायूचा टणक पदर अर्धवट सुटला होता. बाईंनी पोरीला हातात घेतलं आणि तिच्या उजवीकडे किल्ल्या वाजवल्या. माझ्या लेकीनं मान वळवली आणि अर्ध्यात न अडता उजव्या खांद्यापर्यंत बघितलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

सगळे हसले. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

"तुम्ही काही चूक केली नाही," बाई मला नंतर म्हणाल्या. "घट्ट मानेत होतं असं. काळानिळा डाग उमटेल, घाबरू नका. थोडे दिवस ताण द्यायचा नाही, मग पुन्हा सुरू करायचं."

डाग उमटला, मानेवर जांभळा, मग पिवळा. मग तो विरला. पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा मी चटईवर बसलो, तिच्या डोक्याकडे हात नेला आणि तो तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी पोकलेनवर दरीच्या काठाशी काम केलेला माणूस, पण त्या एवढ्याशा मानेला हात लावायचं धैर्य माझ्यात उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आईनं साडीचा पदर खोचला. "तू भायर वच," ती मला म्हणाली. "हांव करतां."

पुढच्या भेटीला ती आमच्याबरोबर म्हापशाला आली आणि बाईंकडून पुन्हा सगळं करून घेतलं, खांदा कुठे धरायचा, किती वेळ, कुठे थांबायचं. तिच्या हाताखाली पोर कमी रडायची. परसात जाऊन उभं राहायची पाळी आता माझी होती, आणि तिथं उभं राहून आतला आवाज ऐकणं हे हातांनी करण्याहून सोपं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मान सुटली तसं बाकीचं हळूहळू सुटत गेलं. ती बसायला लागली, रांगायला लागली, डोकं उशीवर कमी टेकायला लागलं. फरक दहावर आला, मग आठ, सात. तिथं बराच काळ अडकला. ऑपरेशन लागलं नाही. चेहऱ्यावरच्या रेषा सर्वांत सावकाश सुधारल्या. बाई म्हणायच्या, चेहरा वर्षानुवर्षं वाढत असतो, त्याला वेळ द्या.

आता ती बालवाडीत जाते. मध्यंतरी आम्ही तिला शेवटचं दाखवायला घेऊन गेलो. बाईंनी मान फिरवून पाहिली, फोटो काढला, कर्ण मोजले. चार मिलिमीटर. "एवढा तर माझ्याही डोक्यात असेल," त्या म्हणाल्या. "आता यायची गरज नाही."

"सहा महिन्यांनी एकदा मोजू या," मी म्हटलं.

"नको."

"नुसतं बघायला."

त्यांनी साधन पुसून कपाटात ठेवलं. "ती मोठी होतेय. दर वेळी आपलं डोकं मोजतात हे आता तिला कळायला लागलंय. तिला असं वाटायला नको की तिच्यात काहीतरी मोजण्यासारखं आहे."

बायकोनं पोरीचे केस नीट केले आणि आम्ही निघालो.

बाजारात आम्ही भाजी-पाव खाल्ला. परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. पोर बायकोच्या मांडीवर बसून जनेलातून बघत होती, उजवीकडे, डावीकडे, सारखीच. तिचा उजवा गाल डाव्यापेक्षा किंचित लहान आहे, ते कुणाला दिसत नाही. मला दिसतं. थोड्या वेळानं तिला झोप लागली आणि तिचं डोकं हळूहळू उजव्या खांद्यावर कलंडलं.

माझा हात पुढे झाला, ते सरळ करायला.

"राहू द्या," बायको म्हणाली. "झोपलीये ती."

मी हात मागे घेतला. डिचोली येईपर्यंत मी तिच्याकडेच बघत होतो.